खाडीवर निघण्याआधी तिथी बघा

हिवाळ्यात पक्षी बघायला पहाटे उठून नवी मुंबईतली ऐरोलीची खाडी गाठायची आणि ओहोटीमुळे समोर नुसता चिखल! पक्षी असतात, पण दूर पाण्याच्या कडेला, ठिपक्यांएवढे. मीही अशा दोन-तीन खेपा फुकट घालवल्या.

घड्याळापेक्षा कालनिर्णय कामाला येतं. कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसाही आणि रात्रीही. हा हिशोब अंदाजाचा, शिवाय खाडीत आत भरती थोडी उशिरा पोचते. बोटीने जायचं तर भरती-ओहोटीचा छापील तक्ता बघाच.

द्वादशी-त्रयोदशीला सातलाच काठावर उभे राहा. पाणी चढतं तसा चिखल आक्रसतो आणि तुतवार, शेकाटे, रोहित (फ्लेमिंगो) हे पक्षी चरत चरत आपल्याकडे सरकतात. शेकाट्याचे गुलाबी पाय दुर्बिणीशिवायही दिसतात. नवी मुंबईच्या काठावर सकाळचं ऊन पाठीशी असतं, रंग खरे दिसतात. मुलुंड-भांडुपच्या बाजूने मात्र संध्याकाळ बरी.

ऐन भरतीत चिखल बुडाला की बरेच पक्षी नेरूळच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. तिथे फोटोसाठी जवळ जाऊन थवा उडवू नका.