भाव उतरलाय? आधी हप्ता मांडा

घराची किंमत उतरली की मी आधी विचारते, कितव्यांदा उतरली? दोनदा उतरली असेल, तर मालकाला बहुधा घाई असते; तिथे आणखी घासाघीस करून बघा.

मग कागदावर हप्ता मांडा. 20 वर्षांच्या कर्जाचं व्याज 8.5 वरून 9 टक्के झालं, तर हप्ता साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढतो. म्हणजे किंमत 3 टक्के उतरायची वाट बघितली आणि तेवढ्यात व्याज अर्धा टक्का चढलं, तर हाती काहीच लागलं नाही.

घर भाड्याने देण्यासाठी घेत असाल, तर वर्षाचं भाडं 12 नाही, 11 महिन्यांचंच धरा. त्यातून दुरुस्ती, कर वजा करा. पहिल्या घराच्या वेळी मी रिकामे महिने धरलेच नव्हते. भाडेकरू गेला आणि सलग दोन हप्ते पगारातून भरले.