घड्याळजींच्या कबरी शोधताय? या चुका टाळा

"मामा, हॅरिसनची कबर सापडली!" असा मेसेज आला की हल्ली मी फोटो उघडायच्या आधीच उत्तर लिहायला घेतो. ती कबर नाही.

नागपूरच्या इतवारीत आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. नोकरीला निघालेला भाचा असो की लेकीच्या बाळंतपणाला निघालेले शेजारी, कोणीही लंडनला जायला निघालं की मी हातात एक चिठ्ठी ठेवतो. चॉकलेटं नकोत, या घड्याळजींच्या दगडांचे नीट फोटो आणा. फोटो येतात, आणि त्यांच्यासोबत त्याच त्या चुकाही येतात.

सगळ्यात जुनी चूक हॅरिसनचीच. जॉन हॅरिसन म्हणजे समुद्रावर रेखांश काढता येईल असं घड्याळ बनवणारा सुताराचा पोरगा. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या चर्चमध्ये जमिनीत त्याच्या नावाची शिळा आहे. तिच्यावर दोन धातूंची एक रेघ आहे आणि त्या जागेचा रेखांश कोरलाय, ०° ७' ३५" पश्चिम. दोन धातू का, तर पितळ आणि पोलाद उष्णतेने कमीजास्त फुगतात. दोघांची पट्टी एकत्र जोडली की ती वाकते. हॅरिसनने ही युक्ती घड्याळात वापरली, आणि तुमच्या घरच्या इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये आजही तीच आहे. शिळा सुंदर आहे, यात वाद नाही. पण ती २००६ सालची, आणि तिच्याखाली कोणी नाही. जवळच टॉम्पियन आणि ग्रॅहम हे दोन जुने घड्याळजी खरोखर पुरलेले आहेत, म्हणून लोक तिघांनाही एकत्र झोपवून मोकळे होतात.

हॅरिसन गेला १७७६ साली, आणि आहे लंडनमधल्याच हॅम्पस्टेडच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात. बायको आणि मुलगा विल्यम तिथेच. शिवाय रेड लायन स्क्वेअरला, जिथे तो राहायचा, तिथे वेगळी पाटी आहे. एका माणसाचे तीन दगड झाले. माझ्या वहीत म्हणून तीन रकाने आहेत : राहिला कुठे, पुरला कुठे, आठवण कुठे. फोटो आला की आधी रकाना ठरवायचा, मग कौतुक करायचं.

आपण नागपूरकरांनी तर ही चूक करूच नये, पण आपणच पटाईत. झीरो माइलला पाहुणे नेऊन चार घोड्यांसमोर उभं करतो आणि सांगतो, हा भारताचा मध्यबिंदू. शेजारच्या दगडावर काय कोरलंय ते किती जणांनी वाचलंय? त्यावर जी.टी.एस. आहे, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या भारताच्या मोठ्या मोजणीचं नाव, १९०७ साल आहे, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, १०२०.१७१ फूट. दगड उंची सांगतोय. मध्यबिंदू आपण आपल्या पदरचा घातला.

दुसरी चूक, दगडाला माणसाच्याच वयाचा समजणं. हॅम्पस्टेडची कबर १८७९ साली लंडनच्या घड्याळजींच्या संघाने नव्याने बांधली. हॅरिसन त्या संघाचा सभासद कधीच नव्हता, पण मेल्यावर शंभर वर्षांनी सगळेच आपले होतात, ते असो. मुद्दा असा की तिथली अक्षरं पाहून "अठराव्या शतकातलं कोरीवकाम" असं लिहू नका. टॉम्पियन-ग्रॅहमच्या शिळेचं तर उलटंच झालं. ती मूळचीच आहे, पण १८३८ साली काढून तिच्या जागी संगमरवराचे दोन छोटे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे बसवले होते. लोक चिडले. नशिबाने कोणी मूळ शिळा फोडली नव्हती, म्हणून १८६६ साली ॲबीचा प्रमुख डीन स्टॅनली याने ती परत बसवली. मधली अठ्ठावीस वर्षं ती तिथे नव्हती. त्या काळातलं एखादं वर्णन वाचून "शिळेचा उल्लेख नाही, म्हणजे ती नंतरची" असा शोध लावणारे मला भेटले आहेत. घाई, दुसरं काय.

वयाची वजाबाकी. टॉम्पियनच्या शिळेवर लिहिलंय की तो २० नोव्हेंबर १७१३ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी गेला. पोरं १७१३ मधून ७५ वजा करतात आणि जन्मसाल १६३८ लिहितात. अरे, पंचाहत्तरावं लागलं म्हणजे पंचाहत्तर पूर्ण झाले का? तुमच्या आजीला विचारा, ती नीट सांगेल. टॉम्पियनचा बाप्तिस्मा जुलै १६३९ चा. चौऱ्याहत्तर पूर्ण, पंचाहत्तरावं चालू. शिळा बरोबर आहे, चूक आपल्या गणिताची. ग्रॅहमचं तसंच : अठ्ठ्याहत्तरावं चालू. त्याचं साल रोमन अंकांत आहे, ते शांतपणे बोटांवर मोजा, १७५१ येतं.

त्यातच भर म्हणजे इंग्लंडात १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. जानेवारी-फेब्रुवारीतल्या मृत्यूवर आदल्या वर्षाचा आकडा दिसला तर कोरणाऱ्याला नावं ठेवू नका. आपल्याकडे शक वाचताना हेच होतं. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७, शके १७३९, म्हणजे ७८ मिळवायचे. पण तारीख जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची असेल तर ७९. सगळीकडे डोळे मिटून ७८ मिळवणाऱ्यांचा मला खरंच कंटाळा आलाय.

काही चुकांना एक ओळ पुरे. डायलवरचं नाव कारागिराचंच असतं असं नाही, बरेचदा ते विकणाऱ्या दुकानाचं असतं. त्या नावाची कबर शोधत फिरू नका. घड्याळजी ब्रेगे जन्माने नशातेलचा, म्हणून त्याला स्वित्झर्लंडात शोधू नका, तो पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत आहे. हॉयगन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाचं घड्याळ शोधलं, पण ते हाताने घडवलं कोस्टरने; हेगच्या चर्चमध्ये हॉयगन्सला नमस्कार करताना कोस्टरचीही आठवण ठेवा. बिग बेनचं घड्याळ "डेंटने बसवलं" लिहिताना कोणत्या डेंटने तेही लिहा : थोरला १८५३ सालीच वारला, काम पूर्ण केलं सावत्र मुलाने.

आणि दंतकथा. प्रागच्या घड्याळाचा कारागीर हनुश, त्याने दुसरीकडे असं घड्याळ करू नये म्हणून त्याचे डोळे काढले, ही गोष्ट मला दर वर्षी कोणीतरी नव्याने ऐकवतं. ते घड्याळ १४१० साली कादानच्या मिकुलाशने केलं. ताजमहालच्या कारागिरांचे हात आपण इथे तोडतो, तसे ते तिथे डोळे काढतात.

आता दगड साफ करण्याबद्दल. याबद्दल मी चिडून बोलतो, कारण यात माझाही हात आहे.

कामठी रोडच्या बाजूला एक जुनी ख्रिस्ती दफनभूमी आहे. तिथल्या एका कोपऱ्यातल्या संगमरवरी पाटीवर काळा थर बसला होता, आणि त्यातून इंग्रजीतली पाचच अक्षरं वाचता येत होती : 'वॉच'. मी हरखलो. छावणीतला एखादा घड्याळजी नागपुरात पुरलेला सापडतोय! दुकानात शिकायला येणारा एक पोरगा सोबत होता. मी त्याला म्हणालो, "पुढच्या रविवारी जरा साफ करून फोटो काढून आण." 'जरा साफ' म्हणजे काय, ते सांगितलं नाही. मला वाटलं, पाणी मारेल.

त्याने संडास धुवायचं ॲसिड नेलं. वर तारेचा ब्रश. "काका, काय फसफसलं बाप्पा! एकदम चकाचक झालं," असं म्हणत आला. होणारच. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड. ॲसिड मळ खात नाही, दगड खातं, आणि मळ दगडासोबत निघून जातो. जाऊन पाहिलं तर पाटी पांढरीशुभ्र, हाताला खडबडीत, आणि 'वॉच'सुद्धा गेलेलं. मी त्याला रागावलो नाही. कोणत्या तोंडाने रागावणार?

त्या दिवसापासून माझ्या पिशवीत साधं पाणी, मऊ ब्रश आणि एक आरसा, एवढंच असतं. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक फासतात तो खडू नाही, पीठ नाही, दाढीचा फेस नाही. तारेचा ब्रश वालुकाश्मावर तर अजिबात नाही, कणकण सुटतो. अक्षरं वाचायला दगड घासावा लागत नाही, उजेड तिरपा पाडावा लागतो. दुकानात आम्ही हेच करतो. घड्याळाच्या मागच्या झाकणाला आतून जुन्या कारागिरांनी सुईने खुणा कोरलेल्या असतात. समोरून दिवा धरला तर काही दिसत नाही. दिवा बाजूला नेऊन आयग्लास लावा, आजोबांच्या हातची खूण उठून येते. दगडालाही सकाळी सातचं ऊन पुरतं. सावलीत असेल तर आरशाने ऊन बाजूने फेका. मे महिन्यात तर नागपुरात नऊनंतर दगडाला हात लावूनच बघा.

आणि परवानगी घ्या. सीताबर्डीच्या किल्ल्यात लढाईतल्या मृतांच्या कबरी आहेत, पण किल्ला लष्कराचा आहे आणि लोकांसाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडतो. १५ ऑगस्टच्या गर्दीत ट्रायपॉड मांडून शिपायाशी हुज्जत घालू नका.

त्या पाटीचा ॲसिडआधीचा एकच फोटो माझ्याकडे आहे, मीच काढलेला, भर दुपारच्या सपाट उजेडातला. नंतर एका फादरना दाखवला. ते म्हणाले, घड्याळजीच कशाला, बायबलातलं "वॉच देअरफोर" हे वचनही कबरींवर कोरतात; जागे राहा, कारण तो दिवस आणि ती घटका तुम्हाला ठाऊक नाही. म्हणजे 'वॉचमेकर' असेल किंवा 'वॉच देअरफोर'. फोटो मोठा करून पाहिला तर 'वॉच'च्या पुढे एक उभी रेघ दिसते. ती 'एम'ची असेल, नाहीतर 'टी'ची. मधे जागा सोडलीय की दगड झिजलाय, ते त्या उजेडात कळत नाही.