लॅपटॉप घेताना या चुका टाळा

जून उजाडला की मला नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "दादा, पोरीसाठी लॅपटॉप बघतोय, आय-७ प्रोसेसरवालाच घेणार." मी विचारतो, पोरगी त्यावर करणार काय? यावर कुणी उत्तर देत नाही. काम ठरायच्या आधी लॅपटॉप ठरतो आणि तिथेच घोळ होतो.

माझ्या मावसभावाने असाच एक सेकंडहँड उचलून आणला. लेक बी.कॉम.ला, टॅली, एक्सेल, ऑनलाइन लेक्चर एवढंच काम. "आय-७ मिळाला, बावीस हजारांत!" मी सेटिंग्जमध्ये प्रोसेसरचा पूर्ण नंबर बघितला: आय-७ ६६००यू. त्यातला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी, २०१५ सालची, कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, दोनच. २०२२ च्या साध्या आय-३ १२१५यूला सहा कोअर आहेत. शिवाय इंटेलच्या सहाव्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं घासून गेली होती. दुकानदाराने परत घेतला नाही. त्या पोरीचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून मी प्रोसेसरचा पूर्ण नंबर कागदावर लिहून घेतो, घरी येऊन तपासतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी देतो. "ऑफर आजच्यापुरतीच" म्हणणाऱ्याकडून मी कधीच घेत नाही. चार वर्षं वापरायच्या वस्तूला एक रात्र थांबायला काय हरकत आहे?

"आत्ता ८ जीबी रॅम घेऊ, पुढे वाढवू" हेही नेहमीचंच. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती वाढत नाही. रिकामा स्लॉट आहे का, हे आधी विचारा. नसेल तर सरळ १६ जीबीचा घ्या.

मेकॅनिकलच्या मुलाला मित्राकडे आहे म्हणून मॅकबुक घेऊन देऊ नका. सॉलिडवर्क्स हे त्याला लागणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. नुसत्या टायपिंगसाठी गेमिंग लॅपटॉप नको. अडीच किलोचं धूड आणि वर विटेएवढा चार्जर घेऊन रोज लोकलमध्ये चढायचं असतं. एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज, नसेल तर बघूही नका.

आणि दुकानात उभ्याउभ्याच एक परिच्छेद टाइप करा, स्क्रीनकडे बाजूने बघा. रंग काळवंडले तर दुसरा दाखवायला सांगा.