बाळंतपणाला लेक येण्याआधी घर रंगवताना

लेक सातव्या महिन्यात येणार, तेव्हा त्याआधी घर रंगवून घेऊ, असं आमच्याकडे ठरलं. घर सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं, जुन्या वळणाचं. खिडक्यांवर ऑइल पेंटचे किती हात चढलेत, ते सांगायला आता घरात कुणी नाही. तुमच्याकडेही असंच काही चाललं असेल तर रंगाची छटा निवडण्याआधी शिशाचा, म्हणजे रंगात असू शकणाऱ्या या विषारी धातूचा, विचार करून ठेवा.

आधी तारखा जुळवा. रंगकाम संपून, घर दोनदा ओल्या फडक्याने पुसून झाल्यावर निदान पंधरा दिवसांनी लेक यायला हवी. काम चालू असताना ती घरात नकोच; शिसं आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोचतं. आणि पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं.

दुकानात जाताना १ नोव्हेंबर २०१७ ही तारीख लक्षात ठेवा. केंद्राचे २०१६ चे नियम त्या दिवसापासून लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं असलेला रंग बनवायला तेव्हापासून बंदी आहे. तसं डब्यावर छापावंही लागतं. तेव्हा डबा फिरवून ती ओळ आणि उत्पादनाची तारीख वाचा, बिल मागा. सुटा किंवा बिननावाचा रंग घेऊ नका. पिवळ्या, नारिंगी आणि लाल ऑइल पेंटच्या बाबतीत जास्त चिकित्सा करा, कारण शिशाची जुनी रंगद्रव्यं नेमकी याच छटांची.

आणखी एक गोष्ट सोलापुरात हमखास होते. यंत्रमागाच्या कारखान्यात मशिनला मारून उरलेला अर्धा डबा कुणीतरी पाहुणा आणून देतो, 'ग्रीलला होईल की!' म्हणत. घेऊ नका. २०१६ चे नियम घरगुती रंगाचे आहेत, कारखान्यातला रंग त्यात येत नाही. पाळण्याला तर तो चुकूनही लावू नका.

आता खरी अडचण. हा नियम नव्या डब्यापाशी थांबतो; आपल्या खिडकीवर १९७५ साली काय लावलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये घरांसाठी शिशाचा रंग बंद झाला आणि त्याआधीचं घर विकताना किंवा भाड्याने देताना मालकाला शिशाबद्दल जे ठाऊक असेल ते लिहून द्यावं लागतं. मॅसॅच्युसेट्स राज्यात तशा घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल, तर धोका काढून किंवा झाकून देणं मालकाच्याच गळ्यात असतं. आपल्याकडे ते आपल्यालाच बघावं लागतं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं आहेच असं धरून चाला, पुढची कामं सोपी होतात.

पेंटरमामांशी बोलणं कामाच्या आदल्या दिवशीच करा. सकाळी आल्या आल्या त्यांच्या हातात पॉलिश पेपर असतो. म्हणायचं, 'मामा, कोरडं घासायचं नाही. पाणी मारत, वॉटर पेपरनेच घासा. आणि रंग जाळून काढायचा ब्लो लॅम्प आणूच नका.' जिथला रंग घट्ट बसलाय तिथे खरवडायची गरजच नाही. नुसता खरबरीत करून वर प्रायमर आणि दोन हात. पोपडे निघालेत तेवढेच ओले करून काढा. मामा कुरकुरतील, दिवस वाढतो म्हणतील. वाढलेल्या दिवसाची मजुरी आधीच कबूल करा, मग ऐकतात. धूळ त्यांच्याही अंगावर जाते आणि त्यांच्या घरीही पोरं आहेत, हे सांगून बघा. आमच्याकडे मजुरीपेक्षा त्याचाच उपयोग झाला. खाली जुनं प्लॅस्टिक अंथरा, स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा, झाडू मारू नका. पोपडे पिशवीत बांधून टाका, तुळशीच्या मातीत मिसळू नका.

रंगापलीकडचं थोडक्यात. हळद घरी दळलेली किंवा खात्रीच्या पाकिटातली असू द्या. रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचंच पिवळं रंगद्रव्य, मिसळतात. अन्नसुरक्षा नियमांनुसार त्याचा अंशही चालत नाही. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी शिशाचीच असते; ती भंगारात न देता विक्रेत्यालाच परत करा. जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. कल्हई करून घ्यायची तर शुद्ध कथलाचीच, शिसं मिसळलेली नको, आणि खात्री नसेल तर त्या पातेल्यात आंबट काही शिजवू नका. खेळणं विकायचं तर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. त्यामुळे गड्ड्याच्या जत्रेतला रंगीत लाकडी खुळखुळा बघायला कितीही गोड वाटला, तरी पहिलं वर्षभर शोकेसमध्येच बरा. बाळ हातात येईल ते तोंडात घालतं.

घरातल्या मोठ्या बायकांशी बोलायचं ते शेवटी ठेवलं, कारण तिथे जरा जपून बोलावं लागतं. सुरमा विकत आणायचा नाही. तो बऱ्याचदा शिशाच्याच खनिजाचा असतो. आणि शेंदूर. खरा शेंदूर म्हणजे शिशाचाच तांबडा ऑक्साइड. आमच्या आत्यांचा नेम असा, की शनिवारी मारुतीच्या पायाचा शेंदूर बोटाने बाळाच्या कपाळी टेकवायचा. त्यांना म्हटलं, 'आत्या, शेंदूर देवाला लावा, बाळाला घरच्या हळदीचं बोट लावू.' थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'मारुतीला चालेल का, ते विचारून येते.' गेल्या शनिवारी जाऊन आल्या. काय उत्तर मिळालं ते सांगितलं नाही, पण देव्हाऱ्यातली शेंदराची पुडी आता वरच्या फळीवर आहे.

मधल्या खोलीची एक खिडकी मात्र राहिली. चौकट फुगलीय, उघडताना घासते आणि दर वेळी रंगाची पूड पडते. सुतार पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय. तोवर ती बंद, आणि पाळणा समोरच्या भिंतीला.