टेस्टमध्ये शंभर टक्के, पोट तिथल्या तिथं: मेटाबॉलिक सिंड्रोमचे ऑनलाइन धडे देताना या चुका टाळा

कंपन्या, सोसायट्या, महिला मंडळं, सगळीकडे आता आरोग्याचे धडे कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर आलेत. मी आहारतज्ज्ञ आहे. असे धडे लिहिते, आणि दुसऱ्यांनी घाईत बसवलेले फसले की निस्तरायलाही जाते. ठिकाणं बदलतात, घोळ तेच असतात.

आधी व्याख्या, कारण धडे बनवणाऱ्यांनाही ती नीट माहीत नसते. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणाऱ्या गोष्टी एकाच माणसात गोळा होणं. पाच गोष्टी तपासायच्या: कंबर (आपल्याकडे पुरुषांना 90 सेंमी किंवा जास्त, बायकांना 80 सेंमी किंवा जास्त), रक्तदाब 130/85 पासून वर, उपाशीपोटी साखर 100 पासून वर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) 150 पासून वर, आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी (पुरुषांत 40 च्या, बायकांत 50 च्या खाली). यातल्या तीन जमल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम. यातलं एकही दुखत नाही, म्हणून तर धडे द्यावे लागतात.

कंबर माणसाला स्वतः भरायला सांगणे

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. एका कारखान्यात एचआरने हुकूम काढला की महिनाअखेर सगळ्यांचा कोर्स पूर्ण झाला पाहिजे. झाला. शंभर टक्के हजेरी, टेस्टमध्ये भरघोस मार्क, साहेब खूश. मला बोलावलं ते पुढचा टप्पा ठरवायला. मी एक्सेल उघडलं तर कमरेच्या रकान्यात ओळीने 32, 34, 34, 36. सगळे सम आकडे! लोकांनी पँटचा नंबर टाकला होता. रकाना होता सेंटीमीटरचा, त्यामुळे प्रोग्रामने 34 सेंटीमीटर कंबरवाल्या प्रत्येकाला हिरव्या रंगात कळवलं होतं, ‘अभिनंदन, तुमची कंबर सुरक्षित मर्यादेत आहे.’ 34 सेंटीमीटर म्हणजे धडधाकट माणसाची मांडीसुद्धा त्यात मावायची नाही.

यातल्याच एका सुपरवायझरना मी उभं करून टेप लावली. पँट 34 चीच, पण पट्टा पोटाच्या खाली, पार ओटीपोटावर. टेपवर आकडा आला 101. ते म्हणाले, "मॅडम, कॉलेजपासून माझा नंबर बदललेला नाही." बरोबरच आहे. पोट सुटलं की आपला माणूस पँट मोठी घेत नाही, पट्टा खाली सरकवतो.

नव्या पोरांना वाटतं, मोजायचा व्हिडिओ टाकला की लोक घरी मोजतील. नाही मोजत. मोजलंच तर श्वास आत ओढून मोजतात. मी शिंप्याची टेप घेऊन जाते आणि आकडा स्वतः लिहिते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, शर्ट वर करून, श्वास सहज सोडल्यावर. टेप मागून खाली उतरलेली नाही ना, ते वाकून बघायचं. कापडी टेप वापरून ताणते, ती अधूनमधून बदलायची. आणि प्रोग्रामवाल्याला सांगायचं, 50 च्या खालचा आकडा घेऊच नको. एवढ्या एका अटीने तो सगळा तमाशा टळला असता.

टेस्टचे मार्क म्हणजे बदल समजणे

त्याच कारखान्यातल्या मार्कांचंही ऐका. बहुतेक टेस्ट टाइम ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरवरून, एकामागून एक, चार-चार मिनिटांत सोडवलेल्या होत्या. एक चुणचुणीत अप्रेंटिस सगळ्यांच्या वतीने ‘नेक्स्ट’ दाबत बसला होता. मला त्या पोराचा राग नाही आला. ‘रोज व्यायाम करावा का? हो / नाही’ असे प्रश्न विचारल्यावर दुसरं काय होणार?

घरी जाऊन बघावं लागेल असा प्रश्न विचारा. माझा आवडता प्रश्न: तेलाचा 15 किलोचा डबा तुमच्याकडे किती दिवस पुरतो? माणशी दिवसाला 20 ग्रॅम धरलं तर चौघांच्या घरात तो सहा महिने जायला हवा. उत्तर बहुधा तीन महिने येतं, तेही बायकोला फोन लावून. तो फोन हाच खरा धडा. म्हणून स्वयंपाक करणारं माणूस कोर्सच्या बाहेर ठेवू नका. नवरा ‘तळण कमी करा’ पाठ करून घरी जातो आणि समोर भजी येतात, यात तिची काय चूक?

बारीक माणसाला सोडून देणे

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) हिरवा दिसला की प्रोग्राम त्याला पुढच्या धड्यातून वगळतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. हा फोटो मी पहिल्याच धड्यात दाखवते. हडकुळी माणसं सावरून बसतात.

सगळं एका दिवसात उरकणे

दोन तासांचा कोर्स, शेवटी सर्टिफिकेट, वर सामोसा. (सामोसा! दर वेळी.) चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे 537 नोकरदार पुरुष घेतले. सल्ला सगळ्यांना दिला, पण निम्म्यांना दोन वर्षं मोबाइलवर साधे एसएमएस पाठवले, ज्याची जेवढी तयारी तसा मजकूर. 2013 मध्ये निकाल आला: मेसेजवाल्यांत 18 टक्क्यांना मधुमेह झाला, उरलेल्यांत 27 टक्क्यांना. अ‍ॅनिमेशन नाही, बॅज नाहीत, साधा मेसेज. न कंटाळता तीच गोष्ट पुन्हा सांगणं हे यंत्राला आपल्यापेक्षा चांगलं जमतं, आणि नेमकं तेच काम आपण त्याला देत नाही.

बाकीचं थोडक्यात

चित्रात अ‍ॅव्होकाडो आणि किन्वा नको. भाकरी, उसळ, पोहे, वडापाव दाखवा.

पावलांची स्पर्धा लावू नका, फोन नातवाच्या खिशात जातो.

साखर तपासायच्या आधी आठ तास पाण्याशिवाय काही नाही. ‘चहासुद्धा नाही’ हे वेगळं लिहा, कारण चहाला कोणी खाण्यात धरत नाही.

जिना चढून आलेल्याचा रक्तदाब लगेच घेऊ नका, पाच मिनिटं बसू द्या.

दर वेळी ओटीपी मागणारं लॉगिन काढून टाका. पन्नाशीपुढचे लोक तिथेच गळतात.

आणि रक्तदाब 180/120 च्या घरात गेला तर प्रोग्रामने ‘पुढचा धडा पाहा’ म्हणता कामा नये. तिथे स्क्रीन थांबली पाहिजे आणि ज्याच्या हातात टॅब आहे त्याने उठून त्या माणसाला डॉक्टरकडे नेलं पाहिजे. हे कोण करणार, त्याचं नाव आणि फोन नंबर पहिल्या दिवशीच भिंतीवर लावा. लावला नसेल, तर मी कोर्स सुरूच करू देत नाही.