नवा चष्मा सोसत नाही? नंबराला दोष देण्याआधी या चुका टाळा

नवा चष्मा घातला की जमीन खाली गेल्यासारखी वाटते, पायरी चुकते, तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. मग निदान ठरलेलंच: "नंबर चुकीचा काढलाय." कधीकधी तो खरंच चुकलेला असतो. पण बऱ्याचदा कागदावरचे आकडे बरोबर असतात. एकतर ते वाचताना गल्लत झालेली असते, नाहीतर काच डोळ्यासमोर जिथे यायला हवी तिथे आलेली नसते.

चिन्ह सोडून नुसता आकडा लक्षात ठेवणं

"माझा दोन नंबर आहे" एवढ्याने काहीच कळत नाही. मायनस दोन आणि प्लस दोन अगदी उलट कामं करतात. नंबराचं एकक डायॉप्टर, आणि एकला त्या आकड्याने भागलं की मीटरमधलं अंतर मिळतं. मायनस २.०० वाल्याला चष्म्याशिवाय साधारण अर्ध्या मीटरपलीकडचं धूसर दिसतं, मायनस ४.०० वाल्याला पाव मीटरपलीकडचं. कागदावर हा आकडा 'एसपीएच' म्हणजे स्फेरिकल या रकान्यात असतो.

जुना चष्मा हातात आहे, कागद हरवलाय? चष्मा हातभर लांब धरून त्यातून दूरची वस्तू बघा आणि काच हळूच उजवीकडे सरकवा. वस्तू काचेबरोबर उजवीकडे गेली तर मायनस, उलट दिशेला गेली तर प्लस. आता त्याच काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड बघत चष्मा थोडा गोल फिरवा. काचेतून दिसणारी कड बाहेरच्या कडेशी तिरकी होऊ लागली तर सिलिंड्रिकल नंबरही आहे, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळी ताकद लागणारा दोष.

सिलिंडर आणि ॲक्सिस वेगवेगळे वाचणं

सिलिंडर म्हणजे हा दोष किती, ॲक्सिस म्हणजे तो कोणत्या कोनात (१ ते १८०). एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. कोनात १० अंशांची चूक झाली तर सिलिंड्रिकल दोषाचा जवळपास तिसरा हिस्सा दुरुस्त न होता राहतो. चूक ३० अंशांची झाली तर काच लावून दोष होता तेवढाच उरतो, फक्त त्याची दिशा बदलते! म्हणून मोठा सिलिंडर असलेल्यांनी वाकडी फ्रेम तशीच चालवू नये. एक काडी कानावर वर बसली की काचही फिरते.

दोन ठिकाणी डोळे तपासले आणि दोन वेगळे नंबर आले, ही तक्रारही इथलीच. एका कागदावर −२.०० / −०.७५ × १८० आणि दुसऱ्यावर −२.७५ / +०.७५ × ९० असेल तर दोन्ही काचा तंतोतंत एकच आहेत. कुणी सिलिंडर मायनसमध्ये लिहितं, कुणी प्लसमध्ये. स्फेरिकल आणि सिलिंडरची बेरीज करा, सिलिंडरचं चिन्ह बदला, ॲक्सिस ९० अंशांनी फिरवा, झालं.

'ॲड'चा आकडा बघून तयार चष्मा घेणं

'ॲड' म्हणजे जवळचा नंबर नव्हे, लांबच्या नंबरात मिळवायचा आकडा. लांबचा −१.५० आणि ॲड +२.०० असेल तर वाचण्यासाठी काच लागते ती +०.५० ची. अशा माणसाने +२.०० चा तयार चष्मा घेतला की अक्षरं स्पष्ट व्हायला पुस्तक नेहमीपेक्षा बरंच जवळ आणावं लागतं, आणि दोष चाळिशीवर जातो. संगणकाचा पडदा पुस्तकापेक्षा लांब असतो, तिथे पूर्ण ॲडही जास्त होते. रोज किती अंतरावर काम करता ते तपासणीच्या वेळीच सांगा.

पीडीकडे दुर्लक्ष

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर, मोठ्या माणसांत बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटर. प्रत्येक काचेचा प्रकाशीय मध्य बाहुलीसमोर आला पाहिजे. तो सरकला की काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे चित्र बाजूला सरकवते, आणि दोन डोळ्यांची चित्रं जुळवायला स्नायूंना सतत ओढ बसते. हिशोब सोपा आहे: सरकलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये गुणिले नंबर. सहा नंबरच्या काचेत ३ मिलिमीटरची चूक म्हणजे १.८ प्रिझम डायॉप्टर (हे त्या सरकण्याचं एकक), तेही एका डोळ्यामागे. एक नंबरवाल्याला तेवढीच चूक जाणवणारही नाही. म्हणून मित्राला चाललेली ढिलाई तुम्हाला चालेलच असं नाही. नाक मधोमध असतंच असंही नाही, त्यामुळे उजव्या-डाव्या डोळ्याचं माप वेगळं घ्यायला सांगा.

प्रोग्रेसिव्ह घेतला आणि नाकावर खाली ओढला

बायफोकलमध्ये रेघ दिसते. रेघेवर लांबचं, खाली जवळचं. प्रोग्रेसिव्हमध्ये नंबर वरून खाली हळूहळू बदलतो, मध्ये एक चिंचोळी वाट असते आणि दोन्ही बाजूंना थोडं धूसर दिसणारच. तो बिघाड नाही, त्या काचेचा स्वभाव आहे. बाजूचं बघायला नुसते डोळे वळवू नका, मान वळवा. जिना उतरताना हनुवटी खाली घ्या, म्हणजे पायरी वरच्या भागातून दिसेल.

इथे पीडीबरोबर उंचीचंही माप लागतं, आणि ते निवडलेली फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर बसवूनच घ्यायचं. वाचण्यासाठी हनुवटी फार उचलावी लागत असेल तर काच खाली बसली आहे. समोरचं बघायला मान झुकवावी लागत असेल तर वर. नाकावरचे पॅड सरळ करून कधीकधी एवढ्यानेच भागतं. काच उजेडात तिरकी धरलीत तर ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक खुणा सापडतील; कानाकडच्या खुणेखाली बहुधा ॲड कोरलेली असते. कागदाशी ताडून बघा.

पातळ काच म्हणजे चांगली काच

इंडेक्स म्हणजे काचेचा पदार्थ प्रकाश किती वाकवतो त्याचं माप. दीड-दोन नंबरपर्यंत १.६७ इंडेक्सची काच घेणं मला तरी उधळपट्टी वाटते. इंडेक्स वाढला की मोठ्या नंबराची काच पातळ होते खरी, पण ॲबे मूल्य, म्हणजे काच प्रकाशाचे रंग किती कमी फोडते त्याचं माप, सहसा घसरतं: साध्या १.५० प्लॅस्टिकचं सुमारे ५८, १.६७ चं सुमारे ३२, पॉलिकार्बोनेटचं सुमारे ३०. ते कमी असलं की काचेच्या कडेतून बघताना अक्षरांना रंगीत किनार दिसू शकते. मायनस काच कडेला जाड होते, म्हणून छोटी फ्रेम निवडली तरी जाडी कमी होतेच. पॉलिकार्बोनेटचा खरा गुण म्हणजे आपटलं तरी सहज फुटत नाही; मुलांसाठी तेच घ्या.

कोटिंगबद्दल थोडक्यात. परावर्तन कमी करणारं कोटिंग जरूर घ्या, मोठ्या इंडेक्सच्या काचेवर तर हवंच. निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू-कटमुळे पडद्यासमोरचा थकवा कमी होतो याला भक्कम पुरावा नाही. उन्हात काळी होणारी काच गाडीत नीट काळी होत नाही, कारण पुढची काच अतिनील किरण अडवते.

परत जाताना रिकाम्या हाताने जाणं

जुना चष्मा सोबत न्या, आणि त्रास कधी होतो ते नेमकं सांगा: वाचताना, चालताना, की गाडी चालवताना. जाण्याआधी घरी एक डोळा झाका, मग दुसरा. एकेका डोळ्याने स्पष्ट दिसतं पण दोन्ही उघडल्यावर दोन-दोन दिसतं किंवा ताण येतो, तर आधी काचांचे मध्य तपासून घ्या. एकाच डोळ्याने धूसर दिसत असेल तर त्या बाजूचा नंबर आणि ॲक्सिस. आणि चष्मा तोच असताना अचानक दोन-दोन दिसायला लागलं, तर दुकानात नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.