लहान मुलांना मुळाक्षरं लिहायला कशी शिकवावीत

मूल चार वर्षांचं झालं की भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लागतो आणि वहीच्या पहिल्या पानावर 'अ' काढून दिला जातो. तक्ता म्हणायला आणि वाचायला उत्तम आहे. लिहायला मात्र 'अ' फार अवघड अक्षर आहे. एकाखाली एक दोन अर्धगोल, त्यांना दंडाशी जोडणारी आडवी रेघ, मग दंड आणि वर शिरोरेघ. एवढी वळणं एकाच वेळी सांभाळणं कोवळ्या बोटांना जड जातं आणि पहिल्याच दिवशी मुलाला वाटतं, आपल्याला लिहिता येत नाही. म्हणून म्हणण्याचा क्रम वर्णमालेचाच ठेवा, पण लिहिण्याचा क्रम हाताच्या सोयीने लावा.

पायरी १ : आधी बोटं तयार करा

मणी ओवणं, कागद फाडणं, मातीचे गोळे वळणं, मुलांच्या बोथट कात्रीने कापणं या सगळ्यांतून चिमटीत ताकद येते. तीनच्या आसपास मुलं गोल काढू लागतात, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, मग चौकोन आणि पाचच्या आसपास त्रिकोण. तिरकी रेघ उशिरा जमते. उभी रेघ, आडवी रेघ, गोल आणि अधिकचं चिन्ह मूल स्वतःहून काढत असेल, तर अक्षरांकडे वळायला हरकत नाही. नसेल, तर चित्रंच काढू द्या. तो वेळ वाया जात नाही.

पायरी २ : पकड आणि बैठक

पेन्सिल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, खालून मधल्या बोटाचा आधार. ही पकड सांगून येत नाही. त्यापेक्षा खडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा हातात द्या. एवढा लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो आपोआप चिमटीत जातो. भिंतीवरच्या फळ्यावर लिहिताना मनगटही योग्य कोनात राहतं, त्यामुळे पहिले काही आठवडे वहीऐवजी फळा बरा.

टेबल-खुर्ची असेल तर पाय लोंबकळू देऊ नका. खाली पाट किंवा खोकं ठेवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा कागद किंचित डावीकडे कललेला असावा, डावखुऱ्याचा उजवीकडे. डावखुऱ्या मुलाला पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायला सांगा, म्हणजे लिहिलेलं त्याला दिसेल. त्याचा हात बदलायला लावू नका, कृपा करून.

पायरी ३ : चार अक्षरांपासून सुरुवात

सुरुवातीला ग, म, न, र एवढीच अक्षरं घ्या. पहिल्या तिघांना उजवीकडे सारखाच दंड आहे, त्यामुळे एक जमलं की पुढचं सोपं होतं.

'ग' असा शिकवा: वरून खाली छोटी रेघ आणि तिच्या टोकाला डावीकडे गाठ. थोडी जागा सोडून वरपासून खालपर्यंत दंड. शेवटी डावीकडून उजवीकडे शिरोरेघ. काढताना तोंडाने म्हणा, "खाली, गाठ, दंड, डोक्यावर रेघ." मुलालाही म्हणू द्या. बोलत काढलं की क्रम हातात बसतो. 'म'मध्ये गाठीपासून आडवी रेघ दंडाला जाऊन मिळते, 'न'मध्ये तीच गाठ अर्ध्या उंचीवर येते. हा फरक बोटाने गिरवून दाखवा.

या चार अक्षरांचं खरं मोल पुढे कळतं. काना नाही, मात्रा नाही, तरी त्यांतून मन, गरम, मगर, नगर, नमन, गगन असे शब्द तयार होतात. आपण काढलेल्या रेघांमधून 'मगर' वाचता आली की मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. लिहिणं कशासाठी हे त्याला तिथेच उमगतं, आणि मग पुढच्या पानासाठी मागे लागावं लागत नाही.

यानंतर सारख्या वळणाचे गट घ्या: व, ब, क, प, फ, ष, ट, ठ, ढ, उ, ऊ आणि शेवटी अ, आ. घ-ध आणि भ-म या जोड्या मात्र एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं घ्या आणि 'ध', 'भ' यांची शिरोरेघ सलग नसते हे तेव्हा दाखवा.

पायरी ४ : गिरवणं कमी करा

ठिपक्यांवरून गिरवताना बरीच मुलं एकेक ठिपका जोडत जातात. पान भरतं, पण अक्षराची चाल हाताला कळत नाही. तुम्ही अक्षर काढून सुरुवातीच्या जागी एक ठळक ठिपका द्या. दोन-तीनदा गिरवून झालं की शेजारी पाहून लिहू द्या, मग ते झाकून आठवून. पाहून काढलेलं वाकडंतिकडं अक्षर सुबक गिरवलेल्या पानापेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं.

रोज पाच-दहा मिनिटं पुरेत. ओळी रुंद असाव्यात आणि पेन्सिल मऊ. ओळीतलं सगळ्यात चांगलं अक्षर कोणतं, हे मुलालाच निवडू द्या आणि त्याभोवती गोल करायला सांगा. चुकांवर लाल फुल्या मारू नका.

पायरी ५ : काना, मात्रा, वेलांटी

काना आधी घ्या, तो नुसता दंड आहे. पहिली वेलांटी सर्वांत शेवटी, कारण ती ऐकू येते अक्षरानंतर पण बसते अक्षराच्या आधी. मूल 'कि'ची वेलांटी उजवीकडे देत असेल तर ते कानाला जे ऐकू आलं त्याप्रमाणे लिहितंय. आधी 'क', मग डावीकडे वेलांटी, असा क्रम काही दिवस सोबत बसून करून घ्या.

अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येणं सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसतं. बरोबर अक्षर शेजारी काढून दाखवलं की पुरतं. मात्र त्यानंतरही ते कमी होत नसेल, थोडं लिहिताच हात दुखत असेल किंवा मूल वही बघूनच रडत असेल, तर सराव वाढवू नका. शिक्षकांशी बोला, डोळे तपासून घ्या आणि गरज पडली तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (लिहिण्यासारखी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा.